पडलेला किंवा भिजलेला लॅपटॉप: दुरुस्ती की नवीन, हे कोणत्या क्रमाने ठरवायचं

लॅपटॉप पडला, त्यावर चहा सांडला किंवा बिजागरी तुटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती खर्च येईल?" दुकानदार फुटलेली स्क्रीन पाहून एक आकडा सांगतो. तो नव्या लॅपटॉपच्या किमतीपेक्षा बराच कमी असतो, म्हणून लगेच होकार दिला जातो. स्क्रीन बदलून होते आणि मग लक्षात येतं की पडताना चार्जिंगचा जॅकही हलला होता, वायफाय सारखं तुटतंय आणि बॅटरी तर आधीच गेलेली होती. आता पहिले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा खर्च केला जातो, पाठोपाठ तिसरा.

याच्या उलट चूकही तितकीच होते. फक्त स्क्रीनचं पॅनेल फुटलेलं असतं, आतलं सगळं ठणठणीत असतं, तरी "आता काय राहिलंय यात" म्हणून चांगलं मशीन भंगारात जातं आणि घरात नवा हप्ता सुरू होतो.

दोन्ही चुकांचं कारण एकच: क्रम उलटा झालेला असतो. पैशांचा प्रश्न सहाव्या टप्प्यावर यायला हवा, तो पहिल्याच दिवशी विचारला जातो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा 1: वीज तोडा, चालू करून बघू नका

घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "एकदा चालू करून बघ." हा मोह आवरा. ओल्या किंवा आतून तुटलेल्या मशीनमध्ये वीज गेली की दोन हजारांचं काम मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डपर्यंत, जाऊ शकतं.

पाणी, चहा, कॉफी सांडली असेल तर: चार्जर काढा आणि पॉवर बटण दाबून धरून मशीन पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह, माऊस, सगळं काढा. मग लॅपटॉप उघडा ठेवून पालथा घाला, कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही खाली येतील असा, म्हणजे पाणी बोर्डकडे न जाता बाहेर पडेल. त्याच दिवशी तंत्रज्ञाकडे न्या आणि खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डच्या काही भागात वीज असते. ओलावा आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या रेषा गंजत जातात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपयोग नाही. चिपखाली शिरलेलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, पीठ मात्र पोर्टमध्ये जातं. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, तिने पाणी आणखी आत ढकललं जातं.

दूध-साखरेचा चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट. पाणी निदान वाळतं, साखर चिकटून राहते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात दुचाकीवर सॅकमध्ये भिजलेल्या लॅपटॉपचंही असंच. वरून कोरडा दिसतो म्हणून लोक वापरत राहतात आणि गणपतीपर्यंत बोर्डवर हिरवट थर चढलेला असतो.

पडला असेल तर: खालचं झाकण कुठे फुगलंय का, टचपॅड वर आलंय का, गोडसर किंवा रसायनासारखा वास येतोय का, ते पाहा.

> सावधान: बॅटरी फुगली असेल तर टचपॅड वर उचललेला दिसतो किंवा झाकण नीट बसत नाही. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. गादीवर किंवा कपड्यांत ठेवू नका. फरशीवर, मोकळ्या जागी ठेवा आणि शक्य तितक्या लवकर तंत्रज्ञाकडून काढून घ्या.

## टप्पा 2: उघडण्याआधी वॉरंटी आणि विमा बघा

भिजलेल्या मशीनची बॅटरी तोडणं तातडीचं आहे, ते थांबवू नका. पण बाकी कोणताही स्क्रू फिरवण्याआधी बिल शोधा. कंपनीची नेहमीची वॉरंटी पडझडीला आणि पाण्याला लागू होत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. अनेकांनी खरेदीच्या वेळी ते घेतलेलं असतं आणि विसरलेले असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकला की कळतं. नंबर खालच्या स्टिकरवर नसेल तर बॉक्सवर किंवा बिलावर असतो.

संरक्षण असेल तर स्थानिक दुकानात मशीन उघडू नका. चारही बाजूंचे फोटो काढा, काय झालं ते खरंखरं लिहून कळवा. पाणी सांडलेलं असताना "आपोआप बंद पडला" असं सांगितलं, तर आत ओल दाखवणारी खूण लाल झालेली सापडते आणि दावा फेटाळला जातो.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर पुढचे टप्पे तुमचे नाहीतच. आयटी विभागाला कळवा आणि थांबा.

## टप्पा 3: डेटा बाहेर काढा

दुरुस्ती करायची की नाही हे अजून ठरलेलं नाही आणि ठरवायची घाईही नाही. पण डेटा अडकलेला असताना माणूस कुठल्याही आकड्याला हो म्हणतो, म्हणून तो आधी मोकळा करा.

मशीन सुरू होतंय, फक्त स्क्रीन फुटलीय: एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि सगळं बाह्य ड्राइव्हवर उतरवा.

मशीन सुरू होत नाही: बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी किंवा हार्ड डिस्क वेगळी निघते. ती एन्क्लोजरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह बसवायच्या छोट्या बाहेरच्या डबीत, घालून दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडता येते. एन्क्लोजर घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन वेगळे प्रकार), हे बघूनच घ्या. ते चुकलं तर ड्राइव्ह दिसतच नाही आणि एसएसडी गेली असा गैरसमज होतो. अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच पक्कं जोडलेलं असतं. तिथे डेटा हवा असेल तर बोर्ड जिवंत करावाच लागतो. हा मुद्दा हिशेबाच्या वेळी लक्षात ठेवा.

> तपासा: विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, आपोआप सुरू असतो. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला किंवा मदरबोर्ड बदलला की तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, ती की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. हे काम दुकानात जाण्याआधीच झालं पाहिजे.

## टप्पा 4: नुकसान किती खोल गेलंय ते स्वतः पाहा

भिजलेल्या मशीनसाठी हा टप्पा बोर्ड साफ होऊन पूर्ण वाळल्यावरच. पडलेल्या मशीनसाठी घरीच, अर्ध्या तासात होतो. वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीसमोर "ठीक" किंवा "बिघाड" लिहा.

स्क्रीन: बाहेरच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ येतंय का? येत असेल तर दोष पॅनेलचा किंवा डिस्प्ले केबलचा. टीव्हीवरही रेषा येत असतील तर ग्राफिक्सचा, म्हणजे बोर्डचा संशय घ्या. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहा. फिकट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेलाय. झाकण हळूहळू मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर केबल पाहायला सांगा, ती पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

सांगाडा: लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. एखादा कोपरा उचललेला राहतोय का? बॉडी पिळली असेल तर आत बोर्डवरही ताण असतो, आणि असं मशीन नवी स्क्रीन घातल्यावरही त्रास देतं.

चार्जिंग: पिन हलवल्यावर चार्जिंग तुटतंय का? पोर्ट एकेक करून पेनड्राइव्हने तपासा. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा. वायफायची रेंज पूर्वीपेक्षा कमी झाली असेल तर तीही लिहा. अँटेनाच्या तारा बहुतेक लॅपटॉपमध्ये बिजागरीतून झाकणात जातात, त्यामुळे बिजागरी तुटताना त्या हमखास दुखावतात.

बॅटरी आणि ड्राइव्ह: डेलमध्ये सुरू होताना एफ12 दाबून येणाऱ्या यादीत डायग्नॉस्टिक्स निवडलं, किंवा एचपीमध्ये एफ2 दाबलं, की कंपनीची तपासणी उघडते. बॅटरी, मेमरी, ड्राइव्ह सगळ्यांचा निकाल मिळतो. पडताना चालू असलेल्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विशेष लक्ष ठेवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे डोळ्यांना दिसणारं नुकसानच खरं मानणं. तडा गेलेली स्क्रीन भयानक दिसते, पण तो सुटा भाग आहे. कीबोर्डवरचा वाळलेला डाग साधा दिसतो, पण त्याखाली बोर्ड असतो.

## टप्पा 5: दोन ठिकाणचं लेखी कोटेशन

एक अधिकृत सेवा केंद्राचं, एक स्वतंत्र तंत्रज्ञाचं. अधिकृत केंद्रात बोर्डवरचा एखादा भाग गेला तरी सहसा पूर्ण बोर्ड बदलतात, त्यामुळे आकडा मोठा येतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत चिप लेव्हलचं काम होतं, म्हणजे बोर्डवरचा जळालेला भाग शोधून तेवढाच बदलतात. तालुक्याच्या गावी अनेक दुकानं बोर्ड पुण्या-मुंबईलाच पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण कुठे पाठवणार, किती दिवस लागणार आणि वॉरंटी कोण देणार, हे आधी विचारा.

टप्पा 4 मधली यादी तंत्रज्ञाच्या हातात द्या आणि सांगा, "हे सगळं धरून आकडा द्या." नुसतं "स्क्रीनचे किती?" विचारलंत तर स्क्रीनचेच पैसे सांगितले जातील, आणि त्यात त्याची चूक नाही.

कोटेशनवर एवढं लिहून घ्या:

- पॅनेल नवं, वापरलेलं की कॉपी. एचडी की फुल एचडी. मॅट की ग्लॉसी. कनेक्टर 30 पिनचा की 40 पिनचा. मूळ पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, तो जुळतो का.
- बॉडीचा कोणता भाग बदलणार. या धंद्यात स्क्रीनच्या मागच्या झाकणाला ए पॅनेल, स्क्रीनभोवतीच्या चौकटीला बी, कीबोर्ड आणि टचपॅडच्या बाजूला सी आणि तळाला डी पॅनेल म्हणतात. "बॉडी बदलू" एवढ्यावर समाधान मानू नका, अक्षर लिहून घ्या.
- काम झालं नाही तर तपासणीचे किती पैसे.
- भागाची आणि कामाची वॉरंटी किती दिवस, आणि जीएसटी बिल मिळणार का.

> सावधान: फुल एचडी लॅपटॉपला एचडी पॅनेल बसवलं जाण्याची तक्रार नेहमीची आहे. स्क्रीन लागते, रंगही बरे दिसतात, पण अक्षरं जाडी-भरडी होतात. घेताना सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1920 बाय 1080 आहे का पाहा. 1366 बाय 768 दिसलं तर तिथेच थांबवा.

## टप्पा 6: आता हिशेब

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक दुरुस्तीच्या आकड्याची तुलना लॅपटॉप घेतानाच्या किमतीशी करतात. "पन्नास हजारांचं मशीन आहे, दहा हजार तर घालू." पण ते पन्नास हजार गेले, ते परत येणार नाहीत. तुलना करायची ती असाच, याच पिढीचा, चालू स्थितीतला लॅपटॉप आज बाजारात केवढ्याला मिळतो त्याच्याशी.

उदाहरण घेऊ. 2020 साली 48,000 ला घेतलेला लॅपटॉप. पडून स्क्रीन फुटली, एक बिजागरी उखडली. समजा, तसाच चालू लॅपटॉप आज 17,000 ला मिळतोय. कोटेशन असं: पॅनेल 5,500, ए पॅनेल आणि बिजागरी 3,000, मजुरी 1,000. एकूण 9,500. पण तपासणीत बॅटरी संपत आल्याचं दिसलं होतं, ती 3,000. खरा आकडा 12,500. हे चालू मशीनच्या आजच्या किमतीच्या सुमारे 74 टक्के झालं.

माझा आडाखा असा आहे. खर्च त्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती करा. निम्मा ते पाऊण असेल तर पुढच्या प्रश्नावर ठरवा. पाऊण भागापेक्षा जास्त असेल तर हात आखडता घ्या.

पुढचा प्रश्न: दुरुस्त झाल्यावर हे मशीन किती वर्षं कामाचं राहील? विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. मशीन त्याआधीचं असेल आणि तुम्ही त्यावर बँकेचे, ऑफिसचे व्यवहार करत असाल, तर मोठी दुरुस्ती करू नका. रॅम वाढवता येते का तेही बघा. बोर्डला पक्की जोडलेली 4 जीबी रॅम असेल तर नव्या स्क्रीनवर तेच संथ काम बघत बसाल.

वरच्या उदाहरणातलं मशीन दहाव्या पिढीचं आणि रॅम वाढवता येणारं असेल, तर तीन वर्षं सहज धरता येतील. 12,500 भागिले तीन, वर्षाला सुमारे 4,200. नवा 50,000 चा लॅपटॉप सहा वर्षं चालला तर वर्षाला सुमारे 8,300. म्हणजे दुरुस्ती योग्य. तेच मशीन एकच वर्ष टिकेल असं वाटत असेल तर वर्षाला 12,500 पडले, मग नवा बरा. टक्केवारी दोन्हीकडे एकच आहे, निर्णय उरलेल्या आयुष्याने बदलला.

## टप्पा 7: नुकसानीच्या जातीप्रमाणे निर्णय पक्का करा

फक्त स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंग जॅक किंवा बॅटरी: सुटे भाग आहेत. यातला एकच गेला असेल आणि बोर्ड निरोगी असेल तर बहुतेक वेळा दुरुस्तीच फायद्याची. टच स्क्रीन, ओएलईडी आणि मॅकबुक यांना हे जसंच्या तसं लागू नाही, तिथे एकटी स्क्रीनच हिशेब उलटवू शकते.

बिजागरी: इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. प्लॅस्टिकच्या बॉडीत छोटे खांब असतात, त्यांच्या पोटात पितळी नट बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत फिरतात. वर्षं जातात तशी बिजागरी घट्ट होते. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उघडला की सगळा जोर त्या खांबांवर येतो. एक दिवस कट् आवाज होतो आणि नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो. झाकणाच्या कडेला फट दिसते. तेव्हाही तसाच वापरत राहिलात तर प्रत्येक उघड-मिटीत बिजागरी स्क्रीनच्या पॅनेलला आतून रेटते, आणि काही आठवड्यांत स्क्रीनही फुटते. म्हणजे फट दिसली त्याच दिवशी उघड-मिट बंद.

एम-सील किंवा अरल्डाइट भरून नट परत बसवणं हा स्वस्त उपाय आहे. पण बिजागरी घट्टच राहिली तर तो पुन्हा निघतो. तंत्रज्ञाला दोन गोष्टी सांगा: बिजागरीचा ताण सैल कर, आणि शक्य असेल तर खांब तुटलेलं बॉडीचं पॅनेलच बदल. ताण सैल न करता नवं पॅनेल बसवलं तर तेही तसंच तुटेल.

पाणी: बोर्ड साफ करून सुरू झाला म्हणजे वाचला असं नाही. गंज नंतरही पसरू शकतो, कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. आधी फक्त साफसफाईचे पैसे द्या. महिनाभर वापरा, बॅकअप रोज घ्या. त्यानंतरच कीबोर्ड, बॅटरी यांवर खर्च करा. सुरुवातीलाच सगळं बदलून घेतलं आणि बोर्ड नंतर गेला, तर हातात काहीच राहत नाही.

बोर्ड आणि त्यासोबत आणखी एक भाग: वॉरंटीबाहेरच्या मशीनसाठी माझं उत्तर नाही असं आहे. अपवाद एकच, डेटा बोर्डवर अडकला असेल तर. तेव्हाही डेटा निघण्यापुरतंच काम करून घ्या.

मधला मार्ग: स्क्रीन फुटली, बाकी उत्तम आणि पैसे आत्ता नाहीत? मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माऊस लावून टेबलावर वापरा. घरात एखादा जुना मॉनिटर असेल तर खर्च जवळपास शून्य. मुलांच्या अभ्यासाला हे पुरतं.

## टप्पा 8: दुरुस्तीला देताना आणि परत घेताना

देताना सिरीयल नंबर, रॅम आणि एसएसडीची क्षमता पावतीवर लिहून घ्या आणि आतला फोटो काढा. पासवर्ड मागितला तर तात्पुरतं वेगळं अकाउंट करून द्या. बोर्डचं काम असेल तर एसएसडी काढून घरी ठेवता येते, विचारायला संकोच करू नका.

घेताना दुकानातच बसा. पांढरी, काळी, लाल अशी पूर्ण स्क्रीन उघडून ठिपके पाहा. झाकण दहा-बारा वेळा उघड-मीट करा. चार्जर, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, स्पीकर, वायफाय तपासा. रॅम तितकीच आहे का बघा. बोर्ड बदलला असेल तर विंडोज सक्रिय आहे का पाहा, कारण परवाना बोर्डशी बांधलेला असतो. जुना भाग परत मागा आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीत काम बिघडलं आणि दुकान टाळाटाळ करू लागलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, तिथे हे बिल लागतं.

## टप्पा 9: नवीन घ्यायचं ठरलं तर

जुनं मशीन लगेच देऊन टाकू नका. एसएसडी काढा, एन्क्लोजरमध्ये ती चांगला बॅकअप ड्राइव्ह होते. रॅम नव्यात बसेलच असं नाही, डीडीआर4 आणि डीडीआर5 एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चालू बोर्ड, चांगला कीबोर्ड, शाबूत पॅनेल यांना दुरुस्तीवाले पैसे देतात. अख्खा लॅपटॉप म्हणून विकण्याऐवजी "पार्ट्ससाठी" म्हणून दोन दुकानांत विचारा.

नवा परवडत नसेल तर कंपन्यांच्या ऑफिसांतून येणारे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून विकले जाणारे, लेनोवो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक पाहा. बांधणी भक्कम असते आणि सुटे भाग सहज मिळतात. प्रोसेसरची पिढी, बॅटरीची स्थिती आणि दुकानाची लेखी वॉरंटी पाहूनच पैसे द्या.

उरलेला सांगाडा आणि विशेषतः बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणं नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जायला हवीत. लॅपटॉप कंपनीच्या सेवा केंद्रात विचारलंत तर ते कुठे द्यायचं हे कळतं. फुगलेली बॅटरी नेताना टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती वाळू भरलेल्या डब्यात ठेवून न्या.